निवासी डॉक्टर आणि ओव्हरलोड झालेला सर्व्हर

आमच्या मुक्ताईनगरला (आजीच्या लेखी एदलाबादच!) हायवेवर मोठा अपघात झाला की पुढचं वाक्य ठरलेलं: "पुढे न्या." जळगावात सरकारी मेडिकल कॉलेज आलं २०१८ मध्ये. त्याआधी खान्देशात सरकारी कॉलेज एकच, धुळ्याचं भाऊसाहेब हिरे.

त्याच धुळ्यात १२ मार्च २०१७ रोजी डोक्याला मार लागलेला एक पेशंट आला. ड्यूटीवर ऑर्थोपेडिकचा डॉक्टर. त्याने खरं ते सांगितलं, की इथे न्यूरोसर्जन नाही, दुसरीकडे न्यावं लागेल. नातेवाइकांच्या जमावाने त्याला इतकं मारलं की डोळ्याला गंभीर इजा झाली. न्यूरोसर्जनचं पद भरायचं की नाही हे त्या डॉक्टरच्या हातात होतं का हो? पण समोर तोच सापडला. आमच्याकडे सर्व्हर पडला की कस्टमर सपोर्टवाल्या पोराला शिव्या बसतात, तसंच. फरक एवढाच की आमच्यावर कोणी लोखंडी वस्तू घेऊन धावत नाही.

आठवड्याभरात मुंबईतही मारहाण झाली आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. प्रकरण हायकोर्टात गेलं. सरकारने १,१०० सुरक्षारक्षक द्यायचं कबूल केलं. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा तर राज्यात २०१० पासूनच होता! चर्चा झाली ती रक्षकांची. ड्यूटीचे तास, रिकामी पदं, एका डॉक्टरमागे किती खाटा, हे सगळं बाजूलाच राहिलं.

'रेसिडेंट' या शब्दाचा इतिहास मजेशीर आहे. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल १८८९ मध्ये उघडलं. तिथे विल्यम हॉल्स्टेड या सर्जनने शिकाऊ डॉक्टरांना हॉस्पिटलातच राहायला लावलं, म्हणून ते रेसिडेंट. दिवसरात्र काम, लग्नबिग्न नंतर. हा हॉल्स्टेड कोकेनचे प्रयोग स्वतःवर करता करता व्यसनी झाला आणि पुढे मॉर्फिनवर जगला. म्हणजे जगभरच्या ड्यूटीचं डिझाइन करणारा गृहस्थ हा! असो. १९८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये १८ वर्षांची एक मुलगी हॉस्पिटलात दगावली, थकलेल्या शिकाऊ डॉक्टरांवर बोट ठेवलं गेलं, आणि १९८९ पासून त्या राज्यात आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली.

'बर्नआउट' हा शब्दही दवाखान्यातूनच आला. फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये मोफत दवाखान्यातल्या कार्यकर्त्यांचं विझत जाणं लिहून काढलं. मग १९८१ मध्ये क्रिस्टिना मॅस्लाक यांनी ते मोजायची प्रश्नावली केली. त्यात नुसता थकवा नाही, समोरचा माणूस माणूस न वाटणं हेही मोजतात. मला हाच भाग महत्त्वाचा वाटतो. छत्तिसाव्या तासाला पेशंटचा 'चौदा नंबरचा बेड' होतो, डॉक्टर तुटक बोलतो, नातेवाईक भडकतो, डॉक्टर आणखी आक्रसतो. बिघडलेला फीडबॅक लूप, दुसरं काय. आणि त्रास फक्त तासांचा नसतो. २०१९ च्या मे महिन्यात जळगावच्या डॉ. पायल तडवी मुंबईत नायर रुग्णालयात शिकत असताना गेल्या. वरिष्ठांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला, खटला कोर्टात गेला. वरिष्ठांच्या हाताखालीच शिकायचं, तिथेच राहायचं, मग तक्रार करून जायचं कुठे?

आणि नियम? केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जून १९९२ मध्येच लिहून ठेवलंय: ज्युनिअर रेसिडेंटने साधारणपणे आठवड्याला ४८ तास काम करावं, सलग १२ पेक्षा जास्त नाही. त्यातच 'तास लवचिक राहतील' अशी अटही घातलीय (हापिसातल्या 'फ्लेक्सी टायमिंग'चा अर्थ आपल्याला माहीत आहेच). २०२३ च्या पदव्युत्तर नियमांत आकडाच नाही, नुसते 'वाजवी' तास. असं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट आमचा टेस्टर पहिल्या मिनिटाला परत पाठवेल. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतीदलाने शेवटी आकडा दिला: आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास. तीही शिफारस.