टाळं कोणी लावलं?

२४ मार्च २०२० च्या रात्री टीव्हीवर ‘देशभर टाळेबंदी’ अशी पट्टी झळकली आणि आईनं विचारलं, “कुठल्या गिरणीत?” बाबा कापडगिरणीच्या साचाखात्यात होते. लालबागच्या आमच्या खोलीत त्या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता.

इंग्रजीत त्यासाठी दोन शब्द आहेत. लॉकआउट मालकाचा: गेट बंद, कामगार बाहेर. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात संप आणि लॉकआउट या दोन्हींच्या व्याख्या होत्या. काम थांबवतात कामगार तो संप. कामाची जागा तात्पुरती बंद करतो किंवा कामावर ठेवायला नकार देतो मालक, ती टाळेबंदी. लॉकडाउन आला अमेरिकेतल्या तुरुंगांतून, १९७० च्या दशकात. दंगा उसळला की कैद्यांना कोठडीत कोंडून ठेवायचे. एक टाळं माणसाला बाहेर ठेवतं, दुसरं आत. मराठीनं दोन्हींना टाळेबंदीच म्हटलं. चाळीच्या दाराला बांबू बांधले तेव्हा आई एवढंच म्हणाली, “तेव्हा आत घेत नव्हते, आता बाहेर सोडत नाहीत.”

टाळं कोणी लावलं, हे शब्दातून कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधीच मागे घेतला गेला नाही. काही गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजले, पण कित्येकांना गेटातून आत घेतलंच नाही. पुढे एकेक गिरणी कायमची थांबली. कायद्यात त्याला क्लोजर हा तिसरा शब्द आहे. आम्ही मात्र म्हणू लागलो, ‘गिरणी बंद पडली’. घड्याळ बंद पडतं, पंखा बंद पडतो. त्या ‘पडली’मध्ये ना संप करणारा दिसतो, ना टाळं लावणारा. दोन पिढ्यांचं पोट ज्या गेटावर अवलंबून होतं, ते जणू आपोआपच मिटलं.

बाबांना हे बोलणं सहन व्हायचं नाही. एकदा त्यांचा एक अर्ज मी भरत होतो. ‘नोकरी सुटण्याचं कारण’ या रकान्यात मी ‘गिरणी बंद पडली’ असं लिहिलं. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं, माझ्या हातातलं पेन घेतलं, ‘पडली’ खोडलं आणि थरथरत्या अक्षरात वर लिहिलं, ‘केली’.