वर्ष वाया गेलं म्हणण्याआधी



निकाल लागले, ॲडमिशन झाल्या की गोंदिया स्टेशनवर एक चित्र दरवर्षी दिसतं. दुपारची विदर्भ एक्स्प्रेस, नवी बॅग, डब्यात चिवडा आणि सोडायला आलेली अर्धी गल्ली. आपल्या फुलचूरचं, फुलचूरटोल्याचं पोरगं आयआयटीला नाहीतर मेडिकलला निघालेलं असतं. पेढे सगळेच खातात. पुढे पहिल्याच सेमिस्टरला दोन विषय राहिले की ते पोरगं कोणाला सांगतं? बहुतेक वेळा कोणालाच नाही.

हा ताण आजचा नाही. मुंबई विद्यापीठ 1857 साली सुरू झालं. 1862 ला पहिले बी.ए. झाले, त्यांत रानडे आणि भांडारकर होते. अभ्यासापायी रानड्यांचे डोळे तरुणपणीच बिघडले. पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकर 1882 ला गेले, वय 31. विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू न्या. तेलंग 1893 ला गेले, वय 43. आगरकर 1895 ला, वय 38. प्रत्येकाच्या मृत्यूचं कारण वेगळं होतं. पण शिकलेली माणसं एवढ्या लवकर का जातात, हा प्रश्न त्या काळी उघडपणे चर्चिला गेला. रानड्यांनी स्वतः तो मांडला आणि परीक्षांच्या ओझ्याकडेही बोट दाखवलं. पोरंच कच्ची, म्हणून ते मोकळे झाले नाहीत. विद्यापीठाच्या पद्धतीलाही त्यांनी जाब विचारला.

आता दोन उदाहरणं बघा.

टिळक 1873 ला डेक्कन कॉलेजात गेले. तब्येत किरकोळ. पहिलं वर्ष त्यांनी तालमीत आणि पोहण्यात घालवलं, परीक्षेत नापास झाले. मग बी.ए.ला गणितात पहिला वर्ग मिळवला.

बाबासाहेब 1916 ला लंडनला शिकायला गेले. 1917 ला बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली, शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. पण चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करायची परवानगी लंडन विद्यापीठाने दिली होती. 1920 ला ते पुन्हा गेले. 1921 ला एम.एस्सी. झाले. डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीला परत पाठवला, तो सुधारून दिला आणि 1923 ला पदवी मिळवली. विद्यापीठाने दार उघडं ठेवलं होतं, म्हणून मधे गेलेली वर्षं वाया गेली नाहीत.

आज हे दार किती ठिकाणी उघडं आहे? एनसीआरबीच्या आकड्यांप्रमाणे 2022 या एका वर्षात देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतले 1,764 आपल्या महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. सगळ्यांचं कारण मार्क नसतात. जळगावच्या डॉ. पायल तडवी मुंबईत एम.डी. करत होत्या. 22 मे 2019 ला त्या गेल्या. जातीवरून छळ झाल्याचा आरोप घरच्यांनी केला, प्रकरण कोर्टात गेलं. घरातून पहिल्यांदाच कोणी एवढं शिकायला गेलेलं असतं, तेव्हा अभ्यासाच्या जोडीला 'तू इथला नाहीस' हे ओझंही त्याच्या डोक्यावर येतं.

सुप्रीम कोर्टाने मार्च 2025 मध्ये या प्रश्नावर न्या. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमलं. जुलै 2025 मध्ये सांगितलं की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. कोचिंग क्लासही त्यात आले. तेव्हा पोराची ॲडमिशन करताना फी आणि होस्टेलसोबत हेही विचारा: इथे समुपदेशक कोण? विषय राहिला तर पुढे काय? मधे वर्ष थांबलं तर परत घेता का?

आणि आपल्या घरचं दार? सुट्टीत पोरगं आलं की ओसरीवर बसून 'किती पर्सेंटेज?' विचारणारे आपणच. त्याआधी 'झोप लागते का रे बाबू, मेसचं जेवण बरं आहे का?' एवढं विचारू. राहिला विषय तर राहिला. परतीची गाडी आपल्या गोंदियातच येऊन थांबते, आणि घर कुठे गेलेलं नाही, हे त्याला आपल्या तोंडून ऐकू द्या.

कोणाला आतून फार जड वाटत असेल तर 14416 वर फोन करा. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. बाहेरगावी शिकणाऱ्या पोरांपर्यंत हा नंबर पोचवा.