अर्ध्या पेनीची बॅटरी आणि बाभळीचा काटा

श्रोतेहो, आषाढात झड लागली की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते, "या पोरांचं करायचं तरी काय?" बाहेर चिखल, घरात दंगा. अशा वेळी एखादे पोरगे देवघरातली तांब्याची पळी गुपचूप उचलते, परसातले लिंबू तोडून आणते, कुठून तरी खिळा आणि तारेचा तुकडा पैदा करते आणि कोपऱ्यात बसून खुडबूड करू लागते. आजी ओरडते, "अरे, पळी ठेव जागेवर!" आजीचे बरोबरच आहे. पण दोनशे वर्षांपूर्वी लंडन शहरात असाच एक खुडबुड्या मुलगा होता. तो काय करीत होता हे ऐकले, तर आजी घटकाभर पळी देईल असे मला वाटते.

त्याचे नाव मायकेल फॅरडे. जन्म १७९१ चा. बाप लोहार, तोही प्रकृतीने अशक्त. घरात खाणारी तोंडे पुष्कळ आणि मिळकत बेताची. शाळा म्हणाल तर लिहिण्यावाचण्यापुरती आणि थोड्या हिशेबापुरती. तेराव्या वर्षी तो एका पुस्तकविक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून लागला आणि पुढच्या वर्षी त्याच दुकानात पुस्तकबांधणी शिकायला उमेदवार झाला, सात वर्षांच्या कराराने. बांधायला आलेली पुस्तके नुसती शिवून हातावेगळी करावीत, असे त्याला कधी वाटले नाही. तो ती वाचीत असे. ज्ञानकोशाचे खंड आले, त्यात विजेवरचा लेख सापडला. जेन मार्सेट नावाच्या बाईंनी गुरू आणि मुली यांच्या संवादातून रसायनशास्त्र समजावून देणारे एक पुस्तक लिहिले होते, तेही हाती लागले. वाचलेले खरे की खोटे हे आपल्या हाताने करून पाहायचे, असा त्याचा नेम. आठवड्याला चार पैसे बाजूला पडत. तेवढ्यात बसेल तेवढाच प्रयोग.

१८१२ च्या उन्हाळ्यात त्याने आपल्या एका मित्राला मोठ्या उत्साहाने पत्र लिहिले. मी स्वतः, माझ्या हाताने बॅटरी केली आहे, असे ते सांगणे होते. केली कशाची? सात अर्ध्या पेन्या, म्हणजे त्या काळची तांब्याची नाणी; तेवढ्याच आकाराच्या जस्ताच्या सात चकत्या; आणि मधे मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागदाचे तुकडे. तांबे, जस्त, ओला कागद. पुन्हा तांबे, जस्त, ओला कागद. अशी ती चवड. इटलीतल्या व्होल्टाने १८०० साली अशी चवड रचून जगाला थक्क केले होते. त्याची चवड मोठी आणि चांदीची, याची अर्ध्या पेनीची. पण या चिमुकल्या बॅटरीनेही मॅग्नेशियमच्या क्षाराचे द्रावण फोडून दाखवले आणि त्या मुलाचा आनंद गगनात मावेना.

इथे एक गोष्ट नजरेआड करू नये. तांबे त्याच्याजवळ होते, मीठ घरात होते, कागद तर दुकानात हवा तेवढा. जस्त मात्र घरात नव्हते. ते त्याला दुकानातून विकत आणावे लागले. ही गोष्ट लहान दिसते, पण पुढे आपल्याला तिचे काम पडणार आहे.

पुढच्याच वर्षी, १८१३ च्या मार्चमध्ये, हा बुकबाइंडर रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाचा मदतनीस झाला. बाटल्या धुणे, उपकरणे मांडणे, पडेल ते काम. आणि १८३१ साली त्याच माणसाने दाखवून दिले की तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलवला तर तारेत वीज उत्पन्न होते. कोयनेच्या धरणावर पाण्याच्या जोराने जे जनित्र फिरते, ते याच तत्त्वावर.

आता आपल्या पोराच्या लिंबाकडे वळू. लिंबात एका बाजूला तांब्याची जाड तार खोचायची, दुसऱ्या बाजूला जस्ताचा मुलामा दिलेला खिळा. पत्र्याच्या छपराला वापरतात तसला. दोघांनी आत एकमेकांना शिवता कामा नये. एका लिंबातून जेमतेम एक व्होल्टाच्या आसपास दाब मिळतो. म्हणून चार लिंबे घ्यायची आणि एकाचा खिळा दुसऱ्याच्या तांब्याला, अशी माळ करायची. माळेच्या दोन टोकांना तांबडा एल.ई.डी. दिवा जोडला तर अंधाऱ्या खोलीत तो मिणमिणतो. नाही मिणमिणला तर त्याचे दोन पाय उलटे करून जोडा, कारण त्या दिव्यातून वीज एकाच दिशेने जाते. हा चार आण्यांचा चमत्कार नव्हे, फॅरडेची चवडच आहे. ओल्या कागदाच्या जागी लिंबाचा रस आला एवढेच. दोन सूचना मात्र कडकपणे पाळा. ती लिंबे नंतर सरबताला वापरायची नाहीत, रसात जस्त उतरलेले असते. आणि भिंतीतल्या विजेच्या खटक्याशी या खेळाचा काडीचाही संबंध येऊ द्यायचा नाही. तांब्याच्या पळीचे म्हणाल, तर लिंबाने ती उलट लखलखीतच होईल. आजीची समजूत तेवढ्यावर पटावी.

फॅरडे मोठा झाला, जगाने त्याला मान दिला, पण आपले पोरपण तो विसरला नाही. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळात मुलांसाठी व्याख्याने होऊ लागली. त्यांतल्या एकोणीस वर्षांच्या माला एकट्या फॅरडेने गुंफल्या. त्यांतली सर्वांत नावाजलेली १८६० च्या नाताळातली. विषय काय? मेणबत्ती! सहा व्याख्याने, आणि विषय एक मेणबत्ती. घरातल्या या साध्या वस्तूत निसर्गाचे किती नियम काम करतात, हे त्याने मुलांसमोर एकेक करून उलगडले. पुढच्या वर्षी त्याचे पुस्तक निघाले आणि ते आजही वाचले जाते.

त्यातले दोन प्रयोग आपल्या माजघरात होण्यासारखे आहेत, फक्त जवळ मोठे माणूस हवे. मेणबत्ती चांगली पेटू द्या आणि हलकेच फुंकून विझवा. वातीतून पांढऱ्या धुराची रेघ वर चढते. लगेच पेटती काडी त्या रेघेत, वातीपासून बोटभर वर धरा. ज्योत धुरातून उडी मारून वातीवर उतरते! तो धूर म्हणजे मेणाची वाफ. जळते ते हेच. घट्ट मेण पेटत नाही, ते आधी वितळते, वातीतून वर चढते, त्याची वाफ होते आणि मग ती पेट घेते.

दुसरा प्रयोग पाण्याचा. स्टीलच्या फुलपात्रात साधे पाणी भरा, बाहेरून कोरडे पुसा आणि ज्योतीच्या थोडे वर धरा. बुडाशी क्षणभर दव धरते. आगीतून पाणी! मेणातला हायड्रोजन आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले, त्यांचे हे पाणी. पण थांबा. पावसाळी हवेत गार भांड्याला तसेही दव येते. एखादी चलाख मुलगी हे विचारील, आणि तिने विचारावेच. म्हणून तेच फुलपात्र आधी दोन मिनिटे ज्योतीशिवाय ठेवून पाहायचे. कोरडे राहिले तरच प्रयोग खरा. माझ्या मते सगळ्या प्रयोगात या दोन मिनिटांना मोल अधिक.

फॅरडे मुलांना मेणबत्तीच्या गोष्टी सांगत होता, त्याआधीच जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल नावाच्या शिक्षकाने १८३७ साली लहान मुलांसाठी शाळा काढली होती. पुढे तिला त्याने बालोद्यान म्हटले. त्याच्या शाळेतल्या उद्योगांत एक उद्योग भिजवलेल्या वाटाण्यांचा होता. वाटाण्यांत बारीक काड्या खोचायच्या आणि चौकोन, घरे, मनोरे रचायचे. अमेरिकेत १८९९ साली बकमिन्स्टर फुलर नावाचा चार वर्षांचा मुलगा अशाच बालोद्यानात बसला होता. त्याची नजर फार अधू, जवळचे धड दिसत नसे. बाकीच्या मुलांनी घरे पाहिलेली, म्हणून त्यांनी चौकोनी खोकी रचली. याला काही दिसेना, म्हणून त्याने हाताने चाचपून पाहिले. चौकोन डगमगत होता, त्रिकोण ठाम राहत होता. मग त्याने सगळे त्रिकोणच त्रिकोण जोडून एक सांगाडा केला. ही आठवण तो म्हातारपणापर्यंत सांगत असे. १९५४ साली त्याला त्रिकोणांच्या जाळीने उभ्या केलेल्या घुमटाचे पेटंट मिळाले. असे घुमट नंतर जगभर उभे राहिले.

आता आपल्या देशाकडे येऊ. ठाणे जिल्ह्याच्या त्या वेळच्या हद्दीत, बोर्डीला, १९४५ साली ताराबाई मोडकांनी खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसरीबाईंची पद्धत त्यांना पटली होती, पण तिची साधने महाग. मग खडे, शिंपले, बिया, पाने असे जे भोवताली मिळते त्यातून मोजणे, लावणे, जुळवणे सुरू झाले. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. अंगणवाडी हा शब्द आज गावोगावी बोलला जातो, तो ताराबाईंच्याच कामातून आला.

दुसऱ्या महायुद्धाने युरोपातल्या शाळा जमीनदोस्त झाल्या होत्या. तिथल्या विज्ञानशिक्षकांसाठी युनेस्कोने १९४८ साली एक लहान पुस्तक काढले. उपकरणे नाहीत, तर डब्या-बाटल्यांतून ती करा, हा त्याचा सांगावा. त्याचेच वाढलेले रूप १९५६ साली मोठ्या ग्रंथाच्या रूपाने आले आणि अनेक भाषांत गेले.

आणि १९७२ साली मध्य प्रदेशात, नर्मदेकाठच्या होशंगाबाद जिल्ह्यात (आता त्याला नर्मदापुरम म्हणतात), सोळा माध्यमिक शाळांत एक धाडस झाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली नोकरी सोडून आलेले अनिल सद्गोपाल यांची किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी ते अंगावर घेतले. मोठमोठ्या संस्थांतले शास्त्रज्ञ खेड्यातल्या शिक्षकांबरोबर सुट्टीत एकत्र बसून धडे रचू लागले. मुलांनी चार-चारांच्या टोळ्या करून प्रयोग करायचे, शेतात हिंडायचे, जे दिसले ते वहीत लिहायचे. परीक्षेतसुद्धा पुस्तक उघडे ठेवायची मुभा. कारण पाठ केले काय, हे विचारायचेच नव्हते. फुलाच्या पाकळ्या, पुंकेसर सुटे करायला सुई लागते. सुईचे काम बाभळीच्या काट्याने तितकेच नीट होते, आणि काटे कुंपणावर फुकट.

इथे एखादा पालक उठून विचारील, "म्हणजे शहरातल्या पोरांना काचेची नळी आणि आमच्या पोरांना बाभळीचा काटा?" प्रश्न रास्त आहे, आणि तो झटकून टाकणाऱ्याचा मला राग येतो. म्हणून फॅरडेचे जस्त आठवा. जे घरी मिळते ते घरचे घ्यावे, पण जस्त विकतच आणावे लागते. होशंगाबादच्या शाळांनाही परीक्षानळ्या, भिंगे, चुंबक यांची पेटी दिली जात असे. काट्याने सुईचा खर्च वाचवला, भिंगाचा नाही. "गरिबांना स्वस्तातले चालते" असे म्हणून जो पेटीच काढून घेतो, त्याने या सगळ्या इतिहासाचा अर्थ उलटा लावला.

१९७८ मध्ये हे काम जिल्हाभर पसरले, पुढे आणखी जिल्ह्यांत गेले. त्याच वर्षी पुण्याच्या टेल्को कारखान्यातला अरविंद गुप्ता नावाचा एक तरुण इंजिनिअर रजा काढून तिथे आला. आठवड्याच्या बाजारात त्याच्या हाती सायकलच्या व्हॉल्व्हला घालतात ती बारीक रबरी नळी लागली. तिचे इवलेसे तुकडे केले आणि दोन्ही तोंडांनी काडेपेटीतल्या काड्या खोचल्या. सांधा तयार! काड्यांचे त्रिकोण झाले, चौकोन झाले, घरे झाली. फ्रोबेलचा वाटाणा रबराचा होऊन परत आला म्हणा ना. त्या काड्यांच्या खेळांचे पुस्तक १९८७ साली निघाले. २००३ ते २०१४ गुप्ता पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंतून खेळणी करीत राहिले, आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. होशंगाबादचा कार्यक्रम मात्र २००२ साली राज्य सरकारने बंद केला. तीस वर्षे त्यात राबलेल्या शिक्षकांना एका निर्णयाने जुन्या पाठ्यपुस्तकी वाटेवर परत पाठवण्यात आले. याची हळहळ मला अजून वाटते.

शिक्षक बंधुभगिनींनो, व्हॉल्व्हची ती नळी हल्ली सायकलच्या दुकानात नेहमी मिळेलच असे नाही. मिळाली नाही तर अडून बसू नका. गूल काढून टाकलेल्या काड्या किंवा खराट्याच्या काड्यांचे तुकडे घ्या आणि सांध्याला वाटाणे. आधी चौकोन करायला सांगा, तो लुळा पडेल. तो ताठ करायला आणखी किती काड्या लागतील, हे मुलांनाच शोधू द्या. आडवी एक कर्ण-काडी घातली की काम होते हे तुम्ही सांगू नका. झाले म्हणजे त्यांना ओसरीवर नेऊन छपराची कैची दाखवा आणि तीत त्रिकोण किती ते मोजायला लावा. वाटाणे वाळलेले घ्यावेत आणि रात्रीच भिजत घालावेत. सकाळपर्यंत काडी टोचण्याइतके मऊ होतात, आणि दुसऱ्या दिवशी सुकले म्हणजे काडी पक्की धरून ठेवतात.