मुलाबाळांसोबत कोल्हापूर: दोन दिवसांत काय पाहावे?

कोल्हापूरला जाणारी बरीच कुटुंबे एकाच दिवसात अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा आणि नरसोबाची वाडी 'उरकतात'. संध्याकाळी मुले गाडीत झोपलेली असतात, आजी-आजोबांचे पाय दुखत असतात आणि शहर बघायचे राहूनच जाते. सोबत लहान मुले आणि वडीलधारी मंडळी असतील, तर किमान दोन दिवस हाताशी ठेवा. एक दिवस शहरासाठी, एक शहराबाहेर.

पहिला दिवस: शहर

अंबाबाई मंदिर: दर्शनाला सकाळी लवकर जा. शुक्रवार, सुट्ट्या आणि नवरात्रात रांग मोठी असते. दरवर्षी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला किरणोत्सव असतो. हवा स्वच्छ असेल, तर मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरतात आणि देवीच्या मूर्तीवर पायांपासून वर सरकत जातात.

भवानी मंडप आणि खासबाग: ही दोन्ही ठिकाणे मंदिरापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२च्या युरोप दौऱ्यात रोममधील प्राचीन रंगभूमी पाहिली आणि त्या धर्तीवर खासबागेचे कुस्ती मैदान उभारले. ते १९१२मध्ये तयार झाले. मधोमध तांबड्या मातीचा हौद आणि भोवती चढत जाणारी बैठक अशी त्याची रचना आहे, त्यामुळे मागच्या माणसालाही कुस्ती नीट दिसते. शहरातल्या तालमीत पैलवानांचा सराव पाहायचा असेल, तर पहाटे जा आणि आधी वस्तादांची परवानगी घ्या.

न्यू पॅलेस: काळ्या दगडातील हा राजवाडा मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार बांधला गेला आणि १८८४मध्ये पूर्ण झाला. आतील छत्रपती शाहू संग्रहालयात शस्त्रे, पोशाख, शिकारीतील प्राणी आणि दरबार हॉल आहे. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातील प्रसंग आहेत. ते मुलांना ओळखायला सांगा, वेळ छान जातो. आत छायाचित्रणाला बंदी असते.

रंकाळा: संध्याकाळ इथेच घालवा. काठाने फिरायला सपाट वाट आहे, त्यामुळे ज्येष्ठांनाही त्रास होत नाही. समोर शालिनी पॅलेस दिसतो आणि चौपाटीवर भेळ मिळते.

दुसरा दिवस: शहराबाहेर

इथे दोन पर्याय आहेत. शक्यतो त्यातला एकच निवडा.

पन्हाळा: शहरापासून साधारण २० किलोमीटर. गाडी थेट गडावर जाते, त्यामुळे न चालणाऱ्यांनाही गड पाहता येतो. तीन दरवाजा, अंधार बाव, सज्जाकोठी आणि धान्याची भव्य कोठारे असलेला अंबरखाना ही मुख्य ठिकाणे. १६६०मध्ये सिद्दी जौहरने या गडाला वेढा दिला होता. भर पावसाळ्यातल्या रात्री शिवाजी महाराज इथून निसटून विशाळगडाकडे गेले. शिवा काशीद आणि बाजीप्रभू देशपांडे यांनी त्यासाठी प्राण दिले. गडावर दोघांचेही पुतळे आहेत. ही गोष्ट मुलांना आदल्या रात्रीच सांगून ठेवा, म्हणजे गडावरचे दगड त्यांच्याशी बोलू लागतात. २०२५मध्ये पन्हाळ्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

कणेरी मठ: सहा-सात वर्षांपर्यंतची मुले असतील, तर हा पर्याय अधिक सोयीचा. सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालयात जुने खेडे माणसाएवढ्या पुतळ्यांतून उभे केले आहे: कुंभार, लोहार, न्हावी, नांगर धरलेला शेतकरी. इथे खरी मजा आजी-आजोबांची असते. जाते, मोट, बलुतेदारी हे शब्द नातवंडांना समजावून सांगताना ते स्वतःच वाटाडे होतात. बराचसा भाग उघड्यावर आहे, म्हणून भर दुपार टाळा.

जेवणाचे काय?

कोल्हापुरी म्हणजे तिखट, ही धास्ती मुलांच्या बाबतीत खरीच असते. मटणाच्या ताटात तांबडा आणि पांढरा असे दोन रस्से येतात. नारळाच्या दुधातला पांढरा रस्सा तुलनेने सौम्य असतो, मुलांना तोच द्या. मिसळ घेताना कट वेगळा मागा. सकाळ-संध्याकाळ गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीचे ताजे दूध समोर काढून देतात. शहरातल्या मुलांना ते नुसते पाहण्यातही मौज वाटते. मात्र हे दूध न तापवलेले असते, त्यामुळे लहानग्यांना तापवूनच द्या.

निघण्यापूर्वी

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वात सुखाचा. पावसाळ्यात पन्हाळा सुंदर दिसतो, पण धुके आणि निसरडी वाट असते. चैत्र यात्रेच्या काळात जोतिबाच्या रस्त्यावर मोठी गर्दी होते. अनेक संग्रहालये सोमवारी बंद असतात, तेव्हा वेळा आधी विचारून घ्या.

आणि एखादे ठिकाण राहिलेच, तर हळहळू नका. पुढच्या वेळी यायला तेवढेच निमित्त!