काटोलच्या संत्राबागा आणि ताणाची पद्धती

नागपुरी संत्र्याचा इतिहास नागपूरकर भोसल्यांच्या परसबागेपासून सुरू करण्याचा प्रघात आहे. रघूजी भोसल्यांनी औरंगाबादकडून संत्र्याची झाडे आणविली, ही परंपरेने चालत आलेली हकीगत बहुतेक लेखक देतात. ती कोणत्या रघूजीविषयी, याबाबत मात्र त्यांच्यात एकमत नाही. परंतु राजवाड्याच्या बागेतील एक हौसेचे फळझाड आणि काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या सलग पट्ट्याचे अर्थकारण उभे करणारे पीक, यांत फार अंतर आहे. ते अंतर दरबारी आश्रयाने तुटले नाही. विहिरीच्या पाण्याने तुटले. किंबहुना, काटोलच्या बागांचा इतिहास म्हणजे पाणी केव्हा द्यावे आणि केव्हा तोडावे, या ज्ञानाचा इतिहास होय.

संत्र्यास फुलण्यापूर्वी विसावा लागतो. थंड प्रदेशात तो कडक हिवाळ्यामुळे मिळतो. काटोलचा हिवाळा त्यासाठी पुरेसा नाही. म्हणून येथील बागाईतदाराने पाणी तोडून तो घडवून आणला. यासच ताण देणे म्हणतात. हलक्या जमिनीत सुमारे महिनाभर, तर भारी काळ्या जमिनीत दीड ते दोन महिने पाणी बंद ठेवावयाचे, पाने मलूल होऊन काही गळू लागली की चाळणी करून खत घालावयाचे आणि प्रथम हलके पाणी देऊन ताण तोडावयाचा, अशी ही रीत आहे. डिसेंबर-जानेवारीच्या ताणाने आंबिया बहार फुलतो व त्याची फळे पुढील हिवाळ्याच्या आरंभी उतरतात. मेच्या ताणावर जूनचा पाऊस पडला म्हणजे मृग बहार येतो आणि त्याचे फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणीस येते.

बहारांची ही नावे अभ्यासकाने सहज ओलांडून जाऊ नयेत. एकाचे नाव आंब्याच्या मोहराच्या काळावरून आले आहे, तर दुसऱ्याचे सूर्य 7-8 जूनच्या सुमारास ज्या नक्षत्रात प्रवेश करतो त्यावरून. डिसेंबर-जानेवारी बहुतांशी कोरडे जातील आणि मृगाचा पाऊस मृगातच पडेल, ही या पद्धतीची गृहीत धरलेली अट होती. ती कोठे लिहिलेली नव्हती. नावातच सामावलेली होती.

या अटीखेरीज दुसरीही एक मर्यादा पद्धतीस सावरून धरीत होती. काटोलची भूमी काळ्या पाषाणाची. पाणी खडकाच्या भेगांत आणि वरच्या कुजलेल्या थरात मुरते, त्यामुळे साठा मोजका. मोटेच्या काळी बैलांच्या बळावर जेवढे पाणी निघे तेवढीच बाग धरता येई. तेलाची इंजिने, नंतर विजेचे पंप आणि अखेर खोल विंधन विहिरी आल्या, तेव्हा ही मर्यादा नाहीशी झाली. बागा वाढल्या, खडकातील पाणी वाढले नाही. शेजारच्या वरूड-मोर्शीकडे तर उपसा पुनर्भरणाहून अधिक ठरला. या विस्तारास प्रगती म्हणावे, परंतु विहिरीच्या तळाकडे पाहून म्हणावे.

अलीकडील वर्षांत मूळ अटही ढळू लागली आहे. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर झालेल्या गारपिटीचा तडाखा विदर्भासही बसला. 2018 च्या ऑक्टोबरात शासनाने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत काटोल होता. पुढील उन्हाळ्यात या पट्ट्यातील अनेक बागा उभ्या वाळल्या. ताण चालू असताना अवेळी पाऊस पडला तर झाड फुलाऐवजी नवती काढते. त्यावर वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडची फवारणी सुचविली जाते. जे काम पूर्वी कोरडे आकाश फुकट करीत असे, ते आता विकत घ्यावे लागते.

तथापि या प्रश्नाचे मूळ फांदीत नाही, खुंटात आहे. नागपुरी संत्रे प्रायः जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून वाढविले गेले. जंबेरीवर झाड जोमाने वाढते. पण भारी, पाणी साचणाऱ्या जमिनीत त्यास डिंक्या लवकर गाठतो. बुंध्यास पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळे करण्याची शिफारस याच अनुभवातून आली. रंगपूर लिंबूचा खुंट पाण्याची टंचाई अधिक सोसतो. महाराष्ट्रातील द्राक्षबागाईतदारांनी पाण्याचा तुटवडा आणि क्षार वाढल्यावर याच मार्गाने जाऊन डॉगरिज खुंटाचा आश्रय केला. त्यापूर्वी एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा किडीने उद्ध्वस्त झालेले फ्रान्सचे द्राक्षमळे अमेरिकी खुंटांवरच पुन्हा उभे राहिले होते. मात्र ब्राझीलचा अनुभव सावध करणारा आहे. तेथे ट्रिस्टेझा रोगाने जुन्या खुंटावरील झाडे मेल्यावर साव पावलोने रंगपूर लिंबूवर अतोनात भिस्त ठेवली. 2001 च्या सुमारास आढळलेल्या आकस्मिक मर रोगाने नेमकी त्याच खुंटावरील झाडे घेतली. अवर्षण सोसणारा खुंट सर्वच आपत्ती सोसतो असे नाही.

1985 मध्ये नागपुरास लिंबूवर्गीय फळांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. काटोल येथेही अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आहे. खुंटांचे ज्ञान, म्हणजे, दूर नाही. अडचण रोपवाटिकेच्या दारात आहे. कलम घेणाऱ्यास डोळ्यावरची संत्र्याची पालवी दिसते. खाली जंबेरी आहे की रंगपूर, हे त्या वयात बहुधा ओळखता येत नाही. ते कळते बाग भरात आल्यावर, एखाद्या कोरड्या उन्हाळ्यात.