फुली मारलेल्या मेल्स

मागच्या शनिवारी झरीला घरी होतो. परभणीहून गाव तसं जवळच, पण आमच्या घरात रेंज फक्त गच्चीवर. म्हणून लॅपटॉप घेऊन वर बसलो होतो. ऑफिसातल्या एका म्हाताऱ्या मेल सर्व्हरची मेमरी भराभर चढत होती. कुणीतरी एका मेलबॉक्समधल्या अलर्टच्या लाखभर मेल्स एकदम डिलीट केल्या होत्या. ज्युनियरचा फोन आला, "दादा, प्रोसेस किल करू का?"

म्हटलं, थांब, हात लावू नकोस!

का, ते सांगायचं तर थोडा इतिहास उगाळावा लागेल.

जुन्या युनिक्सवर एका माणसाच्या सगळ्या मेल्स एकाच फाईलमध्ये, एकाखाली एक. ह्याला एमबॉक्स म्हणतात. आमच्या काकांच्या किराणा दुकानातली उधारीची वहीच म्हणा ना. उधारी फिटली की काका त्या ओळीवर फुली मारतात, पान फाडत नाहीत. दिवाळीत नवी वही पुजली की फक्त बाकी असलेली नावं त्यात उतरवायची.

१९८६ मध्ये स्टॅनफर्डला मार्क क्रिस्पिनने आयमॅपची सुरुवात केली, त्यातही हाच प्रकार. डिलीट म्हणजे नुसती खूण. मेल खरी जाते 'एक्सपंज' म्हटल्यावर. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सामान्य लोकांसाठी इंटरनेट आणलं (माझा जन्मही नव्हता). तेव्हा शेल अकाउंट घेतलेल्या सीनियर मंडळींना पाईन नक्की आठवत असेल. काळ्या स्क्रीनवर डी दाबला की मेलपुढे डी उमटायचा, आणि बाहेर पडताना विचारणा व्हायची, एक्सपंज करू का?

त्या एका 'हो'मध्ये खरं काम आहे. एमबॉक्सवर एक्सपंज म्हणजे उरलेल्या मेल्स वर सरकवत फाईल पुन्हा लिहिणं. शिवाय आयमॅपमध्ये मेल्सना अनुक्रमांक असतात. एक गेली की खालच्या सगळ्यांचा नंबर बदलतो, आणि गेलेल्या प्रत्येक मेलची वेगळी ओळ क्लायंटला पाठवावी लागते. लाख मेल्स, लाख ओळी, आणि तोवर सगळ्यांची नोंद मेमरीत. २००८ च्या क्यूरिसिंकमध्ये 'व्हॅनिश्ड' आलं, म्हणजे अमुक ते तमुक गेल्या असं एका ओळीत सांगायची सोय. पण ते दोन्ही बाजूंना समजायला हवं. आमच्या सर्व्हरला कुठलं!

डॅनियल बर्नस्टाईनने नव्वदच्या दशकात क्यूमेलसोबत मेलडिर आणलं. एक मेल, एक फाईल. पुन्हा लिहायची भानगडच नाही. माझ्या मते हा माणूस फार कमी मोजला गेलाय. असो.

तर अर्धी फाईल लिहून झालेली असताना प्रोसेस मारली असती, तर वही ना जुनी ना नवी. त्याच मेलबॉक्समध्ये पाच वर्षांची बिलं होती, आणि बॅकअप शेवटचा कधी घेतला ते कुणालाच माहीत नव्हतं. ज्युनियरला नीट बघायला सांगितलं, तर भरलेल्या मेमरीतला बराचसा भाग फाईल कॅशचा निघाला. तो कर्नल गरजेला सोडतो. प्रोसेसने खरी धरलेली मेमरी पुष्कळ कमी होती.

काका चहा घेऊन वर आले. "काय रे, दिवाळीच्या आत संपंल का तुझं?"

"काका, तुम्ही वही उतरवताना कुणी मधेच ओढून घेतली तर?"

"हात मोडीन त्याचा."

चाळीस मिनिटांनी आकडा खाली आला. बिलं जागेवर होती. ज्युनियरला आधी बॅकअप घ्यायला लावला, मग चहा प्यायलो. थंडगार झाला होता.