खेळांतून मैफलींत

‘संगीत स्वयंवर’ हें नाटक १९१६ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांतील पदांना भास्करबुवा बखल्यांनीं चाली दिल्या, आणि तीं पदें पुढें नाटकाची संगत सोडून बैठकींत जाऊन बसलीं. कथानक ठाऊक नसलेला श्रोताहि त्यांना दाद देतो. एका करमणुकीच्या पोटीं जन्मलेलें संगीत तिच्यावांचून जगूं शकतें किंवा नाहीं, हा प्रश्न त्यामुळें आपल्याला नवा नाहीं. तोच प्रश्न जपानांत व्हिडिओ गेमच्या संगीतापुढें उभा राहिला. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

निन्तेन्दो कंपनीचें फॅमिकॉम हें यंत्र १९८३ च्या जुलैंत जपानी घरांत शिरलें. त्यांतून एका वेळीं उमटूं शकणारे आवाज अवघे पांच: दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक निव्वळ खरखरीचा, आणि पांचवा मुद्रित ध्वनीच्या लहानशा तुकड्यांसाठीं. त्यांतूनहि पुष्कळ खेळांत खेळाडूनें तरवार चालविली कीं तिच्या खणखणाटासाठीं एखादा आवाज काढून घेतला जाई, व तेवढ्यापुरती चाल लंगडी पडे. १९८६ च्या मे महिन्यांत एनिक्स कंपनीनें काढलेला ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा खेळ चित्रें, संवाद, संगीत ह्यांसकट ६४ किलोबाइटच्या कॅसेटींत बसविलेला होता. आज मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्रालाहि एवढी जागा पुरत नाहीं.

ह्या खेळाचे संगीतकार कोइचि सुगियामा तेव्हां पंचावन्न वर्षांचे होते. त्यांच्या नोकरीचा आरंभ रेडिओवर झाला, हें येथें अभिमानानें सांगितलेंच पाहिजे. पुढें ते दूरचित्रवाणीकडे गेले, लोकप्रिय गीतांना चाली देऊं लागले. जपानी बुद्धिबळाचा एक संगणकी खेळ खेळून त्यांनीं एनिक्सकडे अभिप्रायाचें कार्ड धाडलें, आणि एवढा नामांकित संगीतकार आपला ग्राहक आहे हें पाहून कंपनीची माणसें चकित झालीं. ओळख झाली ती अशी. प्रारंभींची सुरावट पांच मिनिटांत सुचली, असें ते सांगत. मात्र त्या पांच मिनिटांत मागचीं चौपन्न वर्षें मिळवावींत, असेंहि ते म्हणत. दोन-तीन आवाजांत संगीत कसें व्हावें? बाखनें एकट्या व्हायोलिनसाठीं लिहिलेल्या रचना ज्यानें ऐकल्या आहेत, त्याला हा प्रश्न पडणार नाहीं. आपल्या गवयांनींहि तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडींत ख्याल बसविलाच होता.

खरी अडचण निराळीच होती. तबकडी संपते, खेळांतील संगीत संपत नाहीं. वाट चुकलेला खेळाडू भुयारांत तासभर फिरला तर भुयाराची चाल तासभर फिरत राहते. दार सांपडलें कीं ती अर्ध्यावरच तुटते. म्हणजे तिचा शेवट रचनाकाराच्या हातीं नसून ऐकणाऱ्याच्या बोटांत असतो. सभागृहांत असें चालणार नाहीं. तेथें आठ चालींना क्रम द्यावा लागतो, एकींतून दुसरींत जाण्याचा मार्ग बांधावा लागतो, आणि जिला शेवट कधींच नव्हता तिला तो नव्यानें लिहून द्यावा लागतो. सुगियामांनीं तें केलें. २० ऑगस्ट १९८७ रोजीं, उघडून वर्षहि न झालेल्या टोकियोच्या सन्टोरी हॉलमध्यें, तंतुवाद्यांच्या वृंदानें त्यांच्याच संचालनाखालीं ह्या खेळाचें संगीत वाजविलें. कार्यक्रमाचें नांव कुटुंबासाठींची शास्त्रीय मैफल अशा अर्थाचें होतें. मुलांना तेथें चाली ओळखीच्या, वाद्यें अनोळखी. थोरांना नेमकें उलट. एवढी समतोल श्रोतृसभा क्वचितच मिळते!

बरोबर सोळा वर्षांनीं, २० ऑगस्ट २००३ ला, जर्मनींतील लाइपझिग येथें जपानाबाहेरील अशी पहिली सिंफनी मैफल झाली. स्थळ गेवांडहाउस, ज्या संस्थेचीं सूत्रें १८३५ सालीं मेंडेल्सोह्ननें हातीं घेतलीं तिचेंच हें घर. वादन प्रागहून आलेल्या चेक नॅशनल सिंफनी ऑर्केस्ट्राचें, संचालन अँडी ब्रिक यांचें. पुढें २००५ सालीं लॉस एंजलिसच्या हॉलिवुड बोलमध्यें ‘व्हिडिओ गेम्स लाइव्ह’ सुरू झालें, त्यांत वाद्यवृंदाबरोबर प्रचंड पडदा आणि दिव्यांची रोषणाई आली. मला हा थाट फारसा रुचत नाहीं. डोळ्यांना काम दिलें कीं कान आळसावतात, आणि मग संगीत स्वतःच्या पायांवर उभें आहे कीं पडद्याच्या कुबडीवर, हें कळेनासें होतें.

सुगियामांच्या चरित्रांत एक काळा डागहि आहे. युद्धकाळांत जपानी सैन्यानें स्त्रियांवर बळजबरी केल्याचें नाकारणारी जाहिरात २००७ सालीं ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्यें छापली गेली, तिच्याखालीं त्यांचेंहि नांव होतें. म्हणून २३ जुलै २०२१ ला टोकियोच्या ऑलिंपिक उद्घाटनांत राष्ट्रांचीं पथकें खेळांच्या संगीतावर चालूं लागलीं, आणि पहिली सुरावट ‘ड्रॅगन क्वेस्ट’ची निघाली, तेव्हां आनंदाबरोबर टीकाहि झाली. त्यानंतर ३० सप्टेंबरला, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, सुगियामा वारले. त्या उद्घाटनाच्या रात्रीं महामारीमुळें प्रेक्षकांना स्टेडियममध्यें प्रवेश नव्हता. ऐकणारे आपापल्या घरीं, पडद्यासमोरच बसलेले होते.